सातव्या रांगेखाली

१

थोरलीचं नाक खाली येईना, तेव्हा सकाळचे सात वाजून बावीस मिनिटं झाली होती.

आमच्या कंपनीकडे तीनच विमानं. पन्नास आसनांची, दोन पंख्यांची. कागदोपत्री त्यांना लांबलचक क्रमांक आहेत, पण हँगरमध्ये त्यांना थोरली, मधली आणि धाकटी असंच म्हणतात. त्या दिवशी थोरली शेहेचाळीस प्रवासी घेऊन धुक्यातून वर चढली. ठरलेली उंची आल्यावर नाक सरळ करायला कॅप्टनने कंट्रोलचा दांडा पुढे ढकलला. दांडा हलला नाही. "भिंतीला हात लावल्यासारखं वाटलं," ती मला नंतर म्हणाली. नाक वरच राहिलं, वेग उतरत चालला. सहवैमानिकानेही आपल्या बाजूचा दांडा धरला आणि दोघांनी मिळून जीव खाऊन जोर लावला. अकरा सेकंद. मग पायाखाली कुठेतरी 'कट्' झालं आणि दांडा सुटला.

विमान सुखरूप परत उतरलं. प्रवाशांना वाटलं, धुक्यामुळे माघारी आणलं.

नऊच्या सुमारास मी हँगरमध्ये पोचले. कंपनीचा सुरक्षा विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. त्याआधी अठरा वर्षं मी ह्याच हँगरमध्ये पाने फिरवले होते. थोरलीच्या सातव्या रांगेखालची जमीन उचकटून ठेवली होती. खालच्या पोकळीत शेपटाकडे जाणाऱ्या कंट्रोलच्या तारा आणि त्यांची कप्पी. कप्पीच्या शेजारी एक रॅचेट पाना पडला होता, कोपरासारखा वाकलेला. कप्पीत अडकून त्यानेच दांडा धरून ठेवला होता.

मी तो रुमालात उचलला. पान्याच्या दांड्यावर नंबर कोरलेला होता : एकतीस.

आमच्याकडे प्रत्येक हत्याराला नंबर असतो आणि टूलरूमच्या फळीवर त्याची खुंटी ठरलेली असते. खुंटी रिकामी दिसली की विमान हलत नाही. थोरलीची ती जमीन शेवटची उघडली त्याला सहा आठवडे झाले होते. तेव्हापासून एकतीसची रिकामी खुंटी कुणाच्या नजरेस कशी पडली नाही, हे विचारायला मी टूलरूममध्ये शिरले.

एकतीसच्या खुंटीवर एकतीस नंबरचा पाना लटकत होता.

२

"बघा की," वहिनी म्हणाल्या. "सगळी हत्यारं जागच्या जागी आहेत."

टूलरूम बारा वर्षं वहिनींच्या ताब्यात होती. त्यांचे यजमान इथेच मेकॅनिक होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे, म्हणून ह्या वहिनी. दादांची नोकरी गेली तरी नाव राहिलं. बाई अशी की धूळसुद्धा त्यांना विचारून बसावी. त्या नेहमीसारख्या निळ्या डगल्यात, केस टोपीत कोंबून, माझ्यासमोर उभ्या होत्या.

सहा आठवड्यांपूर्वी थोरलीच्या तारा बदलल्या, तेव्हाच ती जमीन उघडली होती. त्या दिवसाची नोंद वहिनींनी काढून दिली. एकतीस नंबर : उस्तादांनी, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकने, नेला आठ दहाला, परत चार वीसला. खाली सही. जमीन बंद करण्याआधी तपासनिसाने हत्यारं मोजली होती. ह्या तपासनिसाला सगळे शिक्केवाले म्हणत. त्यांना बोलावलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "वहीत बावीस लिहिले होते, समोर बावीस होते. शिक्का मारला. तेविसावा मी कुठून मोजणार?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तेविसाव्याची कागदावर जन्मनोंदच नव्हती.

मी हरवलेल्या वस्तूंची वही मागितली. वहिनींनी ती दोन बोटांत धरून पुढे केली. शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती : 'दहा नंबरचा सॉकेट. इंजिनात पडला असावा. शोधल्याशिवाय विमान सोडू नये.' अक्षर दादांचं. सॉकेट सापडायला एक दिवस लागला, त्या दिवशीची चार उड्डाणं रद्द झाली, आणि आठवड्याच्या आत मुख्य अभियंत्यांनी, म्हणजे साहेबांनी, दादांना घरी बसवलं. 'जो हत्यार हरवेल तो घरी जाईल,' अशी नोटीस फळीशेजारी अजून डकवलेली होती. मी तेव्हा विरोधाचं पत्र लिहिलं होतं. ते व्यवस्थित फाइलला लागलं.

दादांच्या नोंदीनंतरची पानं कोरी होती.

माझ्या घरात दोन माणसं आहेत आणि दर आठवड्याला एक चमचा हरवतो. इथे तीस माणसं चौदा महिने राबत होती आणि सुईसुद्धा हरवली नव्हती. मी ती कोरी पानं शेवटपर्यंत उलटून पाहिली.

"वहिनी, दोन एकतीस कसे झाले?"

"मला काय विचारता," त्या फळीकडे बघत म्हणाल्या. "विमानातल्या माणसांना विचारा. त्यांना म्हणे तो आधीपासून ऐकू येत होता."

३

हवाईसुंदरी चार वर्षांचा अनुभव असलेली मुलगी. बोलताना ती खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"सुरुवात महिन्यापूर्वी झाली," ती म्हणाली. "विमान चढायला लागलं की सातव्या रांगेखालून कुणीतरी ठोठावायचं. तीनदा. मग थांबायचं. उत्तराची वाट बघितल्यासारखं."

"केव्हा केव्हा?"

"फक्त चढताना. सरळ झालं की चिडीचूप. एकदा तिथे एक आजोबा बसले होते. त्यांनी गंमत म्हणून बुटाच्या टाचेने तीनदा ठोकलं. खालून लगेच तीनदा आलं." तिने हातांची घडी घातली. "आजोबा हसले नाहीत. त्यांनी जागा बदलून मागितली. माझ्याबरोबरची मुलगी तर थोरलीवर यायलाच तयार नाही. म्हणते, खाली कुणीतरी राहिलंय."

तक्रार तीनदा लिहिली गेली होती. तिन्ही वेळा खाली उत्तर : 'गालिचा उचलून पाहिलं. काही आढळलं नाही.' सही उस्तादांची. जमीन उघडायची तर अर्धा दिवस लागतो, आणि अर्ध्या दिवसाला साहेबांची परवानगी लागते.

निघता निघता मला सफाईवाल्या मावशींनी थांबवलं. त्या बाहेरच्या कंत्राटाच्या. सकाळी साडेपाचला, पहिल्या उड्डाणाआधी, विमानं झाडायला येतात.

"मी कुणाला बोलले नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मोठ्या लोकांचं काम. पण त्या विमानात रोज कुणीतरी यायचं."

"कोण?"

"तोंड नाही दिसलं. मी मागच्या दाराने चढायचे. बाहेर धुकं, आत नुसता तो हिरवा दिवा. मधल्या वाटेत कुणीतरी पालथं पडलेलं. निळा डगला, टोपी. पहिल्या दिवशी मला वाटलं, मेलंय. मग हात हलला. बोटांनी जमिनीवर ठोकलं, ठक ठक ठक. मग कानातलं काढून बाजूला ठेवलं आणि कान जमिनीला लावला. किती वेळ तसंच. जमिनीखालचं कुणी बोलणार असल्यासारखं."

"किती दिवस बघितलंत?"

"दहा-अकरा तरी. मी दाराशीच थांबायचे. ते उठून पुढच्या दाराने गेलं की मग झाडू घ्यायचे." मावशींनी पदराने कपाळ टिपलं. "परवा मात्र ते रडत होतं. आवाज न करता. पाठ हलत होती."

४

हँगरमध्ये कानातलं म्हणजे इंजिनाचा आवाज अडवायचे रबरी बोळे. ते सगळेच घालतात. पण बोळे दोन असतात, आणि मावशींनी एकच वस्तू काढून ठेवलेली पाहिली होती. एकाच कानात काहीतरी घालणारा माणूस हँगरमध्ये एकच होता. उस्ताद. चाळीस वर्षं इंजिनांशेजारी काढून त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजव्यात ऐकण्याचं यंत्र होतं.

उस्तादांनीच मला पाना धरायला शिकवलं. मी पन्नाशी ओलांडली तरी ते मला पोरी म्हणतात.

ते थोरलीच्या पंखाखाली पालथ्या डब्यावर बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि दोन्ही पाने त्यांच्या मांडीवर ठेवले.

"ह्यातला तुमचा कुठला?"

त्यांनी दोन्ही हातात घेतले. खुंटीवरच्या पान्याची मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती आणि तिच्या टोकाला पिवळ्या रंगाचा थेंब वाळलेला होता. फळीवर हत्यारांच्या आकृत्या बारा वर्षांपूर्वी पिवळ्या रंगानेच काढल्या होत्या. वाकलेल्या पान्याच्या मुठीवरचे खवले अजून धारदार होते, आणि नंबर बोटाला टोचत होता.

"जुना एकतीस खुंटीवरच होता, उस्ताद," मी म्हणाले. "विमानात सापडला तो नवा. म्हणजे आधी कधीतरी जुना हरवला, त्याच्या जागी कुणीतरी नवा आणून नंबर कोरला, आणि मग जुना परत सापडला. एका नंबरचे दोन झाले. एक वहीतला, एक वहीबाहेरचा. वहीबाहेरचा हरवला तर खुंटी रिकामी होत नाही."

उस्ताद ऐकत होते. यंत्र लावलेलं होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"सहा आठवड्यांपूर्वी तुम्ही तारांच्या पुढच्या टोकाला होतात. मागच्या टोकाला दुसरा मेकॅनिक होता. एकाच मापाचा पाना दोघांना एकाच वेळी लागतो. वहीत एकच आहे. दुसरा कुठून आला?"

"मी जो घेतला तो परत दिला," ते म्हणाले. "सही आहे."

"रोज पहाटे थोरलीत जमिनीला कान लावून कोण पडायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, आणि त्यामागून हळूहळू काहीतरी उलगडत गेलं. ते उठले.

"माझं नाव लिही," ते म्हणाले. "चार महिन्यांत निवृत्त होतोय. मला काय फरक पडतो."

ऑफिसात येऊन मी कागद ओढला आणि त्यांचं नाव लिहिलं.

५

शाई वाळायच्या आत फोन वाजला. धाकटी बहीण होती. रविवारी ती माझ्याकडे राहून गेली होती.

"ताई, माझं कानातलं तुझ्याकडे राहिलंय का गं? एकच आहे. आरशापाशी बघ."

मी हो-नाही काही न म्हणता फोन खाली ठेवला. तिला नंतर त्याचा राग आला.

मावशी हँगरच्या नव्हत्या. त्यांना बोळ्यांची भाषा ठाऊक नव्हती. त्या घरातलं मराठी बोलत होत्या, आणि घरात कानातलं म्हणजे कानातलं. कान जमिनीला सपाट लावायचा तर कुडी टोचते, म्हणून त्या बाजूची काढून ठेवायची. शिवाय जो माणूस यंत्रातूनच ऐकतो, तो ऐकण्यासाठी यंत्र काढून का ठेवेल? मी तोंड न दिसलेल्या माणसाला स्वतःच पुरुष करून टाकलं होतं. मावशी बिचाऱ्या 'कुणीतरी' म्हणत होत्या.

निळा डगला घालणारी बाई हँगरमध्ये एकच होती. आणि दोन्ही पान्यांवरच्या तीनचा माथा सपाट होता. फळीवरच्या प्रत्येक तीनचा तसाच होता. बारा वर्षं सगळे नंबर एकाच हाताने कोरले होते.

वहिनी टूलरूममध्ये उभ्याच होत्या, मी येणार हे माहीत असल्यासारख्या.

"उस्तादांनी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"ते स्वतःचं नाव लिहायला सांगून गेले."

वहिनी स्टुलावर बसल्या. 

"आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हातून एकतीस हरवला," त्या म्हणाल्या. "इथे ह्या स्टुलावर बसून म्हातारा माणूस लहान मुलासारखा थरथरत होता. आमच्या ह्यांचं काय झालं ते मी घरी रोज बघत होते. आणखी एकाचं तसं करायचं? मी बाजारातून दुसरा आणला आणि नंबर कोरला. महिन्याभराने जुना धाकटीच्या पंखात सापडला. उस्तादांनी गुपचूप आणून दिला. नवा मी ड्रॉवरमध्ये टाकला. तिथेच राहिला असता तर बरं होतं."

"पण कामाला लागला."

"एक पाना, दोन माणसं, आणि साहेब दर तासाला विचारणार, झालं का. मी वहीत न लिहिता दिला. संध्याकाळी एकच परत आला. हा म्हणे त्याच्याकडे, तो म्हणे ह्याच्याकडे. आणि शिक्का तर बसला होता."

"मग ठोठावण्याची गोष्ट कानावर आली."

"हो." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "मी रोज ठरवायचे, आज आवाज आला की सांगून टाकायचं. मी ठोकायचे, ऐकायचे. काही नाही. सुटल्यासारखं वाटायचं. मग थोरली वर जायची, आणि मला दिवसभर ते खालून ठोठावणं ऐकू यायचं. विमान उभं असताना तो पाना गप्प पडलेला असायचा, हे मला कळायला हवं होतं. तो चढतानाच घरंगळणार. मला कळतही होतं बहुतेक."

कोडं सुटलं, असं मला वाटलं. मग सवयीने एक प्रश्न विचारला.

"जोड नंबर फक्त एकतीसचाच आहे ना?"

वहिनींनी ड्रॉवर उघडला. आत तीन पाने, ओळीने मांडलेले. चौथ्याची जागा रिकामी होती.

"बारा नंबर," त्या म्हणाल्या. "गुरुवारी मधलीच्या शेपटाचं काम झालं, तेव्हा दिला होता. परत आला नाही."

खिडकीबाहेर मधली पंखे फिरवत धावपट्टीकडे निघाली होती.

६

मी साहेबांना फोन लावला. ते बैठकीत होते, तरी उचलला.

"मधली थांबवा. आत हत्यार राहिलंय."

"वहीत आहे का?"

"नाही."

"फळीवर खुंटी रिकामी आहे?"

"नाही. पण…"

"मग कशाच्या आधारावर थांबवू? सकाळी एक विमान गेलंच आहे. लेखी आणा, बघतो."

फोन बंद झाला. विमान थांबवायचा अधिकार माझ्या टेबलाला नव्हता. तो दोघांना होता, साहेबांना आणि त्या विमानाच्या कॅप्टनला. धुकं अजून विरलं नव्हतं. त्यात मधलीचा शेपटावरचा दिवा लुकलुकत बारीक होत चालला होता.

वहिनी उठल्या. टूलरूमच्या कोपऱ्यात वैमानिकांशी बोलायचा वायरलेस असतो, हत्यारांसाठी तो कधी कुणी वापरत नाही. त्यांनी तो हातात घेतला आणि बटण दाबलं.

"मधली, टूलरूममधून बोलतेय."

खरखर झाली. "बोला. आम्ही निघालोय."

"तुमच्या विमानात माझा पाना राहिलाय. बारा नंबरचा. शेपटात असावा. त्याची कुठेही नोंद नाही, कारण मी केली नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

तो दिवा धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन थांबला. एक मिनिट गेलं असेल, त्यापेक्षा जास्तही असेल. मग दिवा हळूच बाजूला सरकला, आणि धुक्यातून मधलीचं नाक आमच्याकडे वळलेलं दिसलं.

शेपूट उघडून शोधायला तीन तास लागले. पहिले दोन तास काहीच सापडलं नाही. साहेब घड्याळ बघत उभे होते आणि अठ्ठेचाळीस प्रवासी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तिसऱ्या तासाला उस्तादांनी दंडापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले आणि चाचपडत राहिले. हात बाहेर आला तेव्हा मुठीत बारा नंबर होता. तारांपासून तो वीतभर लांब पडला होता.

साहेबांनी तो बघितला आणि खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. त्यानंतर त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

७

माझ्या अहवालात मी सगळं लिहिलं. वहिनींनी काय केलं ते, आणि त्यांना तसं करावंसं का वाटलं तेही. कामात दोघांचे पाने अदलाबदल झाले आणि पुढच्या टोकाला हातातला पाना तुळईवर ठेवून आपणच विसरलो असू, असं उस्तादांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. कुणी मागितलं नव्हतं. फळीशेजारची नोटीस काढून टाकली गेली, साहेबांची बदली झाली. हरवलं म्हणून सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, असं कंपनीने लेखी दिलं. वहिनींना मात्र टूलरूम सोडावी लागली. त्यांनी वाद घातला नाही.

दादांना परत बोलवायचं ठरलं, तेव्हा तो निरोप घेऊन मी त्यांच्या घरी गेले. ते दारातच पाण्याचा पंप उघडून बसले होते. नोकरी गेल्यापासून हेच काम करत होते. सुटे भाग एका वर्तमानपत्रावर क्रमाने मांडलेले. त्यांनी पत्र वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"एक विचारू?" मी म्हणाले. "सॉकेट हरवला ते सांगायला गेलात, तेव्हा भीती नाही वाटली?"

दादांनी विचार केला.

"शूर वगैरे काही नव्हतो हो मी. हरवला, म्हणून सांगितलं. सांगायचं नसतं, हे मला ठाऊकच नव्हतं."

वहिनी चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. केस बरेच पिकले होते.

"ह्यांना मी रोज सांगायचे, पहाटे फिरायला जाते," त्या खाली बघून म्हणाल्या.

"डगला घालून कुणी फिरायला जात नाही," दादा म्हणाले.

वहिनींनी मान वर केली. "मग विचारलं का नाहीत?"

दादांनी एक वॉशर उचलला, फुंकर मारली आणि पुन्हा त्याच जागी ठेवला.

"विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं," ते म्हणाले. "मला वाटलं, आज ना उद्या सांगशील."